अवयव बदलणेबाबत

खोटं बोलायचंच असेल तर आधी थोडा विचार करून बोलावं. मी विचार न करता 'गुडघा' म्हणाले, आणि तो गुडघा बारा आठवडे माझ्या मागे लागला.

मी मोटार चालवायला शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारच्या सीटवर, आणि माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक, वेगळा क्लच. लोकांना वाटतं, बसून करायचं काम, त्यात काय. बसून करायचं आहे खरं, पण स्वस्थ बसून नाही. नवशिका माणूस ब्रेक दाबत नाही, ब्रेकवर उभा राहतो. क्लच सुटला की गाडी बेडकासारखी उडते. गतिरोधक दिसला की निम्मे लोक डोळे मिटून घेतात. नऊ वर्षं हे सगळं मी हसत सोसलं, कारण माझ्या शरीरात जे जिथे असायला हवं ते तिथे होतं.

मुलगी झाली आणि अडीच महिन्यांनी मला एक दणदणीत शिंक आली. शिंकेबरोबर आणखीही काही गेलं. मला वाटलं, योगायोग असेल. मग खोकल्याचा योगायोग झाला, बाळाला उचलताना झाला, आणि एकदा नवऱ्याने केलेल्या एका विनोदावर हसताना झाला. त्या विनोदाची तेवढी लायकी नव्हती. पुढे एकदा बाळाला लस टोचून आणताना त्याने गाडी गतिरोधकावरून जरा जोरात नेली. घर आलं तरी तो "उतर की" म्हणत राहिला आणि मी "तू हो पुढे" म्हणत राहिले.

प्रश्न नुसता लाजेचा असता तर मी तो गिळून टाकला असता. पण बारा आठवड्यांनी माझी रजा संपत होती. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक फोनवर म्हणाले होते, "मॅडम, बायकांची यादी मोठी झालीये. तारखेला आलात तर ठीक, नाहीतर तुमची गाडी मी नवीन सरांना देणार. मग परत मागू नका." हे नवीन सर शिकणाऱ्यांवर खेकसतात. माझ्या यादीतल्या बायका त्यांच्याकडे एक दिवस जातील आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसतील, हे मला स्पष्ट दिसत होतं. यादीत पहिला नंबर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा होता. वय वर्षं अठ्ठावन्न. मला जिन्यात गाठून विचारायच्या, "कधी येतेस गं कामावर? मी काही त्या सरांकडे शिकायची नाही." मी "येतेच की" म्हणायचे आणि पायऱ्या एकेक करून, जपून उतरायचे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आई म्हणाली, "मग शिंकत जाऊ नकोस." ताई म्हणाली, "दोन बाळंतपणं झाली की सवय होते." म्हणजे उपाय म्हणून मी दुसरं बाळंतपण करायचं होतं. नवऱ्याने प्रेमाने गाडीच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरलं. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. शेवटी ज्यांनी बाळंतपण केलं त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सवय कशाला करायची? फिजिओथेरपी असते त्याची." आणि त्यांनी चिठ्ठीवर 'पेल्विक फ्लोअर' असं लिहिलं. कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पोटातलं बरंच काही तिच्यावर टेकलेलं असतं. नऊ महिने ओझं पेलून आणि मग बाळंतपण सोसून ती सैल पडते, आणि व्यायामाने पुष्कळदा पुन्हा ताळ्यावर येते. चौतीस वर्षं ती झोळी माझ्या अंगात होती आणि आमची कोणी ओळख करून दिली नव्हती.

चिठ्ठी घेऊन मी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात गेले. खिडकीपाशी रांग होती. माझ्या मागे हात गळ्यात बांधलेले एक गृहस्थ, त्यांच्या मागे आणखी पाच-सहाजण.

"तक्रार?" खिडकीतल्या कारकुनांनी मान वर न करता विचारलं.

"चिठ्ठीत लिहिलंय."

"चिठ्ठी आतल्या मॅडमसाठी. मला रकाना भरायचाय. गुडघा, कंबर, मान, खांदा, इतर."

"इतर," मी हळूच म्हणाले.

"इतर म्हणजे काय ते स्पष्ट लिहावं लागतं. आणि मोठ्याने बोला, काचेतून ऐकू येत नाही."

मागच्या गृहस्थांनी मदतीच्या भावनेने कान पुढे केला. भर चौकात ट्रकवाल्यांना काच खाली करून चार शब्द सुनावणारी बाई मी, पण त्या क्षणी माझी दातखीळ बसली. "गुडघा," मी म्हणाले.

"डावा की उजवा?"

एक खोटं बोललं की त्याला तपशील पुरवावे लागतात. मी उजवा दिला.

आत गेल्यावर मला गुडघेवाल्यांच्या बाकावर बसवलं. एका मदतनीस बाईंनी वीस मिनिटं माझ्या उजव्या गुडघ्याला शेक दिला आणि विचारलं, "वाटतंय का बरं?" मी हो म्हटलं. गुडघ्याला मुळातच बरं वाटत होतं. मग थेरपिस्ट आली. माझ्याहून लहानच असेल, केस आखूड, कोटाच्या खिशात मोजपट्टी. तिने माझा पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला आणि विचारलं, "कधी दुखतो हा?"

"शिंकल्यावर," मी म्हणाले.

"आणखी?"

"हसल्यावर."

तिने माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी काढून वाचली. मग उठून पडदा ओढला, स्टूल जवळ घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाळ किती महिन्यांचं आहे, ताई?"

मला रडूच फुटलं. तोवर बाळाचं वय पन्नास जणांनी विचारलं होतं, पण सगळ्यांनी ते बाळासाठी विचारलं होतं. माझ्यासाठी विचारणारी ही पहिलीच.

तिने तपासलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि व्यायाम शिकवला. "आत तळाशी एक लिफ्ट आहे असं समजा," ती म्हणाली. "लघवी रोखताना आपण जे आवळतो, ते आवळून लिफ्ट वर न्यायची. पहिला मजला, दुसरा, तिसरा. थोडं थांबायचं. मग सावकाश खाली. खाली पूर्ण आणायची हं. ते वर नेण्याइतकंच महत्त्वाचं आहे." मी सुरुवात केली. माझे खांदे वर गेले, पायांची बोटं वर गेली, श्वास वरच अडकला. लिफ्टने मात्र तळमजला सोडला नाही. "ताई, भुवया खाली घ्या," ती म्हणाली. "भुवयांना मजले नाहीत." ज्यांना मी शिकवते ते क्लच दाबायला सांगितल्यावर जीभ का बाहेर काढतात, ते मला त्या दिवशी कळलं.

व्यायाम दिवसातून तीनदा, आणि तो कुठेही करता येतो हे त्याचं मोठेपण. मी तो बाळाला पाजताना केला, दुधाला उकळी येईपर्यंत केला, आणि एकदा आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही केला. तिथे माझी फसगत झाली. माझी कुवत तीन मजल्यांची आणि बरोबरची शेजारीण निघाली सहाव्याला. चौथ्या मजल्याशी तिने माझा चेहरा पाहिला आणि मला लिफ्टची भीती वाटते अशी बातमी सगळीकडे पसरवली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या आठवड्यात मी जिन्यात उभी राहून ताईशी फोनवर बोलत होते. घरात बाळ नुकतं झोपलं होतं म्हणून जिन्यात. मी म्हणाले, "अगं, गळती लगेच नाही थांबायची. फ्लोअरच सैल झालाय. बारा आठवडे काम चालेल. नाही गं, तोडफोड काही नाही करायची. आतल्या आत आवळत आणायचं म्हणाली."

खालच्या वळणावर काका उभे होते. काका म्हणजे त्या काकूंचे यजमान. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. तुम्ही-आम्ही 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं म्हणतो तेव्हा ती आपली बोलायची रीत असते. काका म्हणतात तेव्हा ते निदान असतं. ते तडक घरी गेले, स्वयंपाकघरात स्टुलावर चढले आणि छतावर त्यांना ओलीचा डाग सापडला. शोधणाऱ्याला डाग सापडतोच.

संध्याकाळी सोसायटीची नोटीस आली. 'आपल्या सदनिकेत फ्लोअरचे व गळतीचे काम विनापरवाना सुरू असल्याचे समजते, सबब पाहणी करण्यात येईल.' पाठोपाठ पाहणीही आली. सेक्रेटरी पुढे, हातात वही. मागे काका, हातात एक नाणं. काकू दारातच थांबल्या. काका बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसले आणि एकेक फरशी नाण्याने वाजवत सुटले.

"काम कोण करतंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

खरं सांगून टाकावं असं मनात आलं, पण दोन पुरुष, एक वही आणि सैल झालेली मी, हे गणित काही जमेना. त्यातून मी ठरवलं की आता नवं खोटं बोलायचं नाही. विचारतील त्याला खरं उत्तर द्यायचं, फक्त विषय काढायचा नाही.

"एक बाई आहेत," मी म्हणाले.

"फ्लोअरच्या कामाला बाई?" काका आतून म्हणाले.

"त्यातल्याच तज्ज्ञ आहेत."

"माणसं किती लावलीत?"

"मी एकटीच करते. त्या नुसतं सांगतात."

नवरा टॉवेलमध्ये तोंड खुपसून स्वयंपाकघरात निघून गेला.

काका बाहेर आले. त्यांच्यातला खात्याचा माणूस आता जागा झाला होता. "साहित्य काय वापरता?"

"काहीच नाही. आवळायचं आणि सोडायचं."

"एकदा आवळल्यावर सोडायचं कशाला?"

"सोडलं नाही तर ते ताठरून बसतं, काका. मग उलट त्रास वाढतो."

काकांनी यावर बराच वेळ विचार केला. "पद्धत नवीन दिसते," असं सेक्रेटरींना म्हणाले. सेक्रेटरींनी ते वहीत लिहून घेतलं. फरशा सगळ्या भरीव वाजल्या होत्या, त्यामुळे 'तोडफोड आढळली नाही, मात्र लक्ष ठेवावे' असा शेरा मारून मंडळी उठली. मी मान खाली घालून बसले होते. स्वतःच्या घरात आपल्या अंगाबद्दल असं कोड्यात बोलावं लागतं याचा मला राग आला होता, आणि हसूही येत होतं, आणि हसायची तर मला अजून चोरी होती.

काका मात्र स्वस्थ बसले नाहीत. वरचं काम व्हायचं तेव्हा होईल, आपण आपलं छत सांभाळावं, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघराचं छत खरवडायला घेतलं. सकाळी दहाला ते सुरू व्हायचे. मी वर लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेऊन थांबले की खालून खर्र खर्र आवाज यायचा आणि लिफ्ट धाडकन तळमजल्यावर यायची. थेरपिस्टला सांगितलं तर म्हणाली, "चांगलंच आहे की. रस्त्यावर तरी कुठे शांतता असते?"

आठव्या आठवड्यात मला शिंक आली. तिने शिकवल्याप्रमाणे मी शिंकेच्या आधी क्षणभर आवळून धरलं, शिंकले, आणि वाट पाहत उभी राहिले. काही झालं नाही. पुन्हा एक आली. पुन्हा काही नाही. मी नवऱ्याला हाक मारून सांगितलं तर त्याने टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने बाळ उठलं आणि रडायला लागलं, पण त्या दिवशी कोणी कोणाला दोष दिला नाही.

बारावा आठवडा संपला. थेरपिस्टने पुन्हा तपासून सांगितलं, "जा कामावर. व्यायाम मात्र सोडू नका." खिडकीतून कामावर परतण्यासाठीचा दाखला मिळाला. मी तो न वाचता मालकांना नेऊन दिला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"उजवा गुडघा?"

थेरपिस्टने आपल्या कागदावर सगळं बरोबर लिहिलं होतं, पण दाखला निघतो खिडकीच्या वहीवरून, आणि खिडकीच्या वहीत मी अजून गुडघाच होते.

"गुडघा उत्तम आहे," मी म्हणाले.

"मग बारा आठवडे उपचार कशावर घेतलेत? मॅडम, तुमचा ब्रेक उजव्या पायाने. ऐनवेळी गुडघा धरला तर? नीट दाखला आणा. परवापर्यंत आणलात तर गाडी तुमची. नाहीतर ऑफिसात बसून लोकांना रस्त्यावरची चिन्हं शिकवा."

मी परत खिडकीपाशी. तीच काच, तेच कारकून, मागे तशीच रांग.

"नोंद चुकलीये," मी म्हणाले. "गुडघा नव्हता."

"आता कसं बदलणार?" ते म्हणाले. "अर्ज करावा लागेल. घ्या लिहून. विषय, रुग्णाचा अवयव बदलणेबाबत."

मी उभ्या उभ्या लिहून दिलं. माझ्या हयातीत माझ्याकडून असा अर्ज होईल असं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि वही उघडली.

"योग्य अवयव?"

मी मागे पाहिलं. सातजण होते. एकाची मान पट्ट्यात होती, एका आजीबाईंच्या हातात काठी होती. यांच्यातल्या एकालाही स्वतःची मान किंवा खांदा सांगताना आवाज खाली आणावा लागला नव्हता. माझ्या नऊ वर्षांच्या कामावर मी काय एका शब्दाखातर पाणी सोडू? मी काचेजवळ तोंड नेलं आणि ज्या आवाजात ट्रकवाल्यांशी बोलते त्या आवाजात म्हणाले, "पेल्विक फ्लोअर. बाळंतपणानंतर बाईचे लघवी रोखणारे स्नायू सैल पडतात, ते. आता बरे झालेत. लिहा."

कारकुनांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि माझ्याकडे पाहून प्रथमच हळू आवाजात विचारलं, "डावा की उजवा?"

"एकच असतो," मी म्हणाले. "मधोमध."

त्यांनी तसं लिहिलं. नवा दाखला मालकांनी पहिल्या ओळीपर्यंतच वाचला. त्यांचे कान लाल झाले, "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत त्यांनी स्वतः उठून गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि लगेच कोणाला तरी फोन लावला.

पहिला धडा काकूंचा. गोदामांमागचा रस्ता सकाळी मोकळा असतो, तिथे नेलं. काकू स्टिअरिंगवर, मी शेजारी. मनातून मी घाबरले होते. सतरंजीवर केलेला व्यायाम वेगळा आणि काकूंचा ब्रेक वेगळा. पहिल्यांदा त्यांनी कारण नसताना ब्रेक मारला. मी आवळून धरलं होतं, निभावलं. दुसऱ्यांदा गतिरोधकावर गाडी आपटली. निभावलं. तिसऱ्यांदा समोरून मांजर गेलं आणि काकू दोन्ही पायांनी ब्रेकवर उभ्या राहिल्या. मला आवळायला वेळच मिळाला नाही. मी पुढे गेले, पट्ट्याने मागे आले, आणि बसून राहिले. काही नाही. सगळं कोरडं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले, आणि हसूनही काही झालं नाही म्हणून आणखी हसले.

"झालं वाटतं फ्लोअरचं काम," काकू समोर बघत म्हणाल्या.

मी हसायची थांबले. "काकू, तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. फरशी कधी आवळतात आणि सोडतात होय?"

"मग काकांना का नाही सांगितलंत?"

"मी चार वर्षं त्यांच्या मागे लागले होते, स्वयंपाकघराचं छत करून घ्या म्हणून. तुझ्या कृपेने झालं. मध्येच कशाला सांगू?"

त्यांनी गाडी सुरू केली. पहिला गिअर, दुसरा गिअर, चक्क नीट. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मलाही आहे ते. धाकटी झाली तेव्हापासून. बत्तीस वर्षं झाली."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"धाकटीकडे जायला बसने सहा तास लागतात. मध्ये एकदाच थांबते बस. म्हणून मी जात नाही. सगळ्यांना सांगते, मला बस लागते. तिला वाटतं, आईला तिच्या घरी यायला आवडत नाही." त्यांनी एक खड्डा नीट चुकवला. "आपली गाडी असली म्हणजे हवी तिथे बाजूला घेता येईल. म्हणून शिकतेय."

नऊ वर्षांत माझ्याकडे नोकरीसाठी शिकायला आलेले पाहिले, हौसेने आलेले पाहिले, जावेला दाखवायला आलेल्या पाहिल्या. गाडी थांबवता यावी म्हणून शिकायला आलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. माझे डोळे भरून आले. मी बारा आठवडे माझ्या मजल्यावर लाजत बसले होते आणि खालच्या मजल्यावर हे बत्तीस वर्षं चाललं होतं.

"इतक्या वर्षांनी होतं का गं काही त्याचं?" काकूंनी विचारलं.

"तिथे साठी उलटलेल्या बायकाही येतात," मी म्हणाले. "मी बाकावर बसून बघितलंय. किती फरक पडेल ते तपासून सांगतात."

त्यावर काकूंनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. पुढे चौक दिसायला लागला. सरळ गेलं की ड्रायव्हिंग स्कूल, डावीकडे वळलं की हॉस्पिटल.

"काकू," मी म्हणाले, "इंडिकेटर द्या. डावीकडचा."

त्यांनी वायपर सुरू केला. लख्ख ऊन पडलं होतं. वायपर काचेवर कोरडाच फिरत राहिला आणि आम्ही डावीकडे वळलो.